गोळी आणून ठेवू का? मेंदूतल्या अमिबाबद्दल कळव्याच्या पत्राला उत्तर

पत्र असं आहे:

‘आम्ही कळव्याला राहतो. मे महिन्यात माझ्या नणंदेचा मुलगा, वय १४, मुरबाडजवळ गावी गेला होता. आठवडाभर शेततळ्यात डुंबत होता. परत आल्यावर चौथ्या दिवशी सणसणून ताप, डोकं फुटेल असं दुखणं आणि उलट्या. ठाण्यात अॅडमिट केलं, पाठीतलं पाणी काढलं, बॅक्टेरियल मेनिंजायटिस म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी पोरगं उठून बसलं. आता महिना होत आला, शाळेत जातोय. पण घरच्या ग्रुपवर केरळच्या ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’चे मेसेज फिरताहेत. मिल्टेफोसीन नावाची गोळी आधीच आणून ठेवा, असं त्यात लिहिलंय. तो अमिबा भाच्याच्या डोक्यात दडून बसला असेल का? ही गोळी कुठे मिळेल? आमच्याकडे मेट्रोनिडाझोल कायम असते, तीही अमिबावरचीच ना, मग ती चालेल का? आणि सासरे रोज सकाळी नळाच्या पाण्याने जलनेती करतात. बंद करायला सांगू का? ते ऐकणाऱ्यातले नाहीत.’

ताई, आधी भाच्याचं. त्याला अमिबाचा मेंदूज्वर झालेला नव्हता. बॅक्टेरियल मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे जिवाणूंच्या मेंदूज्वरात, सहसा सेफ्ट्रियाक्झोन देतात, जोडीला व्हॅन्कोमायसिन. ही औषधं जिवाणू मारतात. अमिबाला त्यांनी काडीचाही फरक पडत नाही. या आजारात पहिल्या लक्षणापासून मृत्यूपर्यंतचा काळ साधारण पाच दिवसांचा असतो, फार तर १८. तिसऱ्या दिवशी उठून बसलेला आणि महिन्याने शाळेत जाणारा मुलगा या चौकटीत बसतच नाही. दडून बसण्याचंही तसंच. हा अमिबा पाण्यात आणि गाळात कवच धरून राहतो, माणसाच्या मेंदूत त्याची कवचं सापडत नाहीत. तिथे तो पोचला की लगेच कामाला लागतो.

तुमच्या पत्रात मात्र एक गोष्ट राहून गेली आहे, आणि आम्हाला तीच खटकली. अॅडमिट करताना डॉक्टरांना शेततळ्याचं कुणी सांगितलं होतं का? ताप कधी आला, उलट्या किती झाल्या, आदल्या दिवशी काय खाल्लं, हे सगळं घरचे सांगतात. पोरगं पाण्यात होतं हे सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण पोहण्याचा आणि डोकेदुखीचा संबंध कुणी लावत नाही. या आजाराचा उपचार तिथूनच सुरू होतो. औषधं त्यानंतरची.

या अमिबाचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर माल्कम फाउलर यांनी १९६५ मध्ये सहकाऱ्याबरोबर हा आजार पहिल्यांदा मांडला, त्यांच्यावरून हे नाव पडलं. गोड्या, उबदार पाण्यात तो राहतो आणि ४६ अंश सेल्सियसपर्यंत आरामात वाढतो. मे महिन्यातलं शेततळं त्याला अगदी सोयीचं: पाणी उथळ, दिवसभर तापलेलं, तळाशी गाळ आणि गाळात त्याचं खाणं म्हणजे जिवाणू. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. पाणी पोटात गेलं तर काही होत नाही, कारण पोटातलं आम्ल त्याला पुरून उरतं. एका माणसाकडून दुसऱ्याकडेही तो जात नाही. त्याला हवं असतं नाकाच्या अगदी वरच्या टोकापर्यंत जोरात गेलेलं पाणी. तिथे वासाच्या नसांचे धागे हाडातल्या चाळणीसारख्या भोकांतून थेट मेंदूत जातात आणि तो त्याच वाटेने वर चढतो. म्हणून काही जणांना अगदी सुरुवातीला वास येईनासा होतो किंवा विचित्र वास येतात. नाकात पाणी गेल्यापासून लक्षणं दिसायला १ ते १२ दिवस लागतात, बहुतेकदा पाचेक.

त्यापुढे ताप, कपाळात ठणकणारं डोकं, उलट्या, मान आखडणं, मग बडबड, झटके, बेशुद्धी. पहिल्या एक-दोन दिवसांत हा आजार साध्या जिवाणूंच्या मेनिंजायटिससारखाच दिसतो. पाठीतल्या पाण्याचा रिपोर्टही तसाच येतो: दाब वाढलेला, पांढऱ्या पेशी खच्चून, प्रोटीन जास्त, साखर कमी. फक्त ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून बघण्याची तपासणी) आणि कल्चरमध्ये (ते वाढवून बघण्याची) जिवाणू दिसत नाहीत. ‘आधी अँटिबायोटिक दिलं होतं, म्हणून दिसले नसतील’ असं म्हणून गाडी पुढे जाते आणि इथेच दोन दिवस हातचे जातात. ग्रॅम स्टेनसाठी स्लाइड गरम करून पक्की करतात, त्यात अमिबा मरतो आणि ओळखू येईनासा होतो. पेशी मोजणारं मशीन अमिबाही पांढरी पेशी म्हणून मोजून टाकतं. म्हणजे नमुन्यात तो असतो आणि रिपोर्टात नसतो.

तो सापडतो वेट माउंटवर, म्हणजे ताजा नमुना न रंगवता, ओलाच बघण्यात, आणि त्याला महागडं काही लागत नाही. नुकत्याच काढलेल्या पाठीतल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवायचा, वर कव्हरस्लिप, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर थोडा खाली आणि उजेड कमी. मग एका जागी नजर ठेवून काही मिनिटं बघत राहायचं. पांढरी पेशी जवळपास जागच्या जागी असते. नेग्लेरिया पुढच्या बाजूने मऊ, गोलसर फुगवटा काढतो, सगळं अंग त्यात ओततो आणि गोगलगाईसारखा सरकतो. आकार १० ते २५ मायक्रॉन, मधोमध एकच मोठा ठळक ठिपका. एकदा चालताना पाहिला की ओळखायला चूक होत नाही. पण त्यासाठी तो जिवंत हवा. नमुना फ्रिजमध्ये गेला की तो गोळा होऊन निपचित पडतो, जोरात सेंट्रिफ्यूज केला की चेपतो. नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवायचा आणि काढल्यापासून अर्ध्या-एक तासात बघायचा. पट्टी ३७ अंशांपर्यंत कोमट केली तर हालचाल जास्त दिसते. उरलेल्या नमुन्यावर गिम्सा स्टेन (रंगवून बघणं) आणि पीसीआर (जनुकीय तपासणी) करायचं. पीसीआर मोजक्या ठिकाणी होतं आणि रिपोर्टला वेळ लागतो. संशय पक्का असेल तर त्याची वाट बघत औषध थांबवायचं नाही.

म्हणून उद्या तुमच्या ओळखीत कुणाला ताप, डोकेदुखी आणि उलट्या एकदम सुरू झाल्या आणि मागच्या बारा दिवसांत तळं, कुंड, धरण, देखभाल नसलेला पूल किंवा नाकात पाणी घेण्याची सवय असा काही इतिहास असेल, तर कॅज्युअल्टीत पहिल्या पाच मिनिटांत एवढं सांगा: ‘डॉक्टर, अमुक तारखेला अमुक ठिकाणी तो पोहला होता, नाकात पाणी गेलं होतं. पाठीतलं पाणी काढाल तेव्हा अमिबासाठी ताजं वेट माउंट बघाल का?’ कुणी रागावत नाही हो. उलट रात्रीच्या ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला हे वाक्य ऐकून हायसंच वाटतं, कारण लॅबला फोन करायला त्याच्या हातात कारण येतं. केरळमध्ये २०२४ मध्ये कोझिकोडकडचा १४ वर्षांचा एक मुलगा या आजारातून वाचला. त्याच्या वडिलांनी या अमिबाबद्दल वाचलेलं होतं आणि मुलगा तळ्यात पोहल्याचं त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं.

आता औषधांकडे. खालचे आकडे अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, दिलेल्या उपचारातले आहेत. ते घरी वापरण्यासाठी नाहीत. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना आत काय चाललंय ते कळावं, एवढ्याचसाठी. समजा मुलगा ४० किलोचा आहे.

मुख्य औषध अँफोटेरिसिन बी. हे नाव आपल्याकडे २०२१ मध्ये घरोघरी पोचलं. कोविडनंतरच्या काळ्या बुरशीच्या वेळी ‘लायपोसोमल’ इंजेक्शनासाठी लोक ठाण्यापासून पुण्यापर्यंत पळत होते. इथे गणित उलटं आहे. नेग्लेरियासाठी पहिली पसंती जुन्या, स्वस्त, साध्या अँफोटेरिसिनला आहे. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर लायपोसोमल प्रकार या अमिबावर कमी पडलेला दिसला. साधा प्रकार किडनीला त्रास देतो, पण पाच दिवसांत माणूस नेणाऱ्या आजारात किडनीचा विचार दुसऱ्या नंबरवर जातो. पहिले ३ दिवस किलोमागे रोज १.५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. आपल्या मुलाला ३० अधिक ३०. पुढचे ११ दिवस किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसातून एकदाच ४०.

घोटाळे कुठे होतात ते सांगतो. लायपोसोमल औषध किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने देतात आणि काळ्या बुरशीमुळे तो आकडा अनेकांच्या हातात बसला आहे. साधं अँफोटेरिसिन त्या हिशेबाने गेलं तर हृदय बंद पडू शकतं. दिवसाला किलोमागे १.५ ही त्याची वरची हद्द. दुसरं, ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं. ५० मिलिग्रॅमच्या कुपीत आधी १० मिलिलिटर स्टराइल वॉटर आणि मग डेक्स्ट्रोज. नॉर्मल सलाईनमध्ये टाकलं की मिठामुळे ते फाटतं, बाटलीत गढूळपणा येतो. हाताच्या शिरेतून द्यायचं तर एका मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम एवढंच पातळ ठेवतात. ३० मिलिग्रॅमला ३०० मिलिलिटर लागतात आणि ते दोन ते सहा तासांत हळूहळू सोडतात. सुरू झाल्यावर मुलगा थंडीने कुडकुडतो, दात वाजतात, ताप चढतो. आजार बिघडला असं समजून बाहेरचे घाबरतात. बहुतेकदा ही औषधाचीच रिअॅक्शन असते, म्हणून आधी पॅरासिटामॉल देऊन ठेवतात. किडनी वाचवायला औषधाआधी वेगळ्या लाइनने नॉर्मल सलाईन देतात. तीच सलाईन मिसळायला चालत नाही आणि आधी चालते, यात नवख्या नर्सचा हमखास गोंधळ होतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज बघावं लागतं. पोटॅशियम तर इतकं झरझर उतरतं की सुरुवातीला दिवसातून दोनदा तपासलं तरी चालेल.

हेच औषध थोडं थेट मेंदूभोवतीच्या पाण्यातही देतात, पाठीतून किंवा डोक्यात बसवलेल्या नळीतून. पहिले २ दिवस रोज १.५ मिलिग्रॅम, मग ८ दिवस एक दिवसाआड १ मिलिग्रॅम. इथे आकडा किलोमागे नाही, एकूण दीड मिलिग्रॅम. ‘१.५’ हाच आकडा दोन जागी दोन अर्थांनी येतो. नीट चालणाऱ्या आयसीयूत याची सिरिंज वेगळी भरतात, वेगळं लेबल लावतात आणि दोघे जण मिळून तपासतात.

सोबतीला चार औषधं, प्रत्येक २८ दिवस. अझिथ्रोमायसिन किलोमागे १० मिलिग्रॅम, आपल्या मुलाला ४००, कमाल ५००. फ्लुकोनाझोल किलोमागे १०, कमाल ६००. रिफाम्पिसिन किलोमागे १०, कमाल ६००. आणि तुमची मिल्टेफोसीन: ४५ किलोच्या आतल्याला ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, त्यावर तीनदा. शिवाय मेंदूची सूज उतरवायला पहिले ४ दिवस डेक्सामेथासोन, किलोमागे ०.६ मिलिग्रॅम चार भागांत, म्हणजे ४० किलोला दर सहा तासांनी ६. ही औषधं आपसात पूर्ण गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. रिफाम्पिसिनमुळे लिव्हर फ्लुकोनाझोल लवकर संपवतं. फ्लुकोनाझोल आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतात, म्हणून ईसीजी काढत राहावा लागतो, आणि पोटॅशियम उतरलेलं असताना तर जास्तच. लघवी लालसर-केशरी झाली तर ते रक्त नव्हे, रिफाम्पिसिनचा रंग. युरिन बॅग बघून हंबरडा फोडणारे नातेवाईक काही कमी नसतात.

मिल्टेफोसीनची कथा मजेशीर आहे. जर्मनीत ती कॅन्सरसाठी तयार झाली, आणि नाव कमावलं काळ्या आजारावर, म्हणजे बिहारकडच्या कालाजारवर. २००२ मध्ये भारतातच तिला त्यासाठी मान्यता मिळाली. पुढे कालाजारसाठी लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस पुढे आला आणि ही गोळी मागे पडली. म्हणून कळव्याच्या किंवा वाशीच्या कुठल्याही केमिस्टकडे ती सहज मिळत नाही. केरळ सरकारने २०२४ च्या जुलैत ती जर्मनीहून मागवून घेतली. ती हवी कुणाकडे? हॉस्पिटलांकडे आणि राज्याच्या औषधसाठ्यात. घरच्या कपाटात ठेवून तिचा उपयोग शून्य. एकटी ती काही करत नाही. शरीरात तिची पातळी हळूहळू चढते. उलट्या-जुलाब तर नेहमीचेच, आणि उलट्या होणाऱ्या मुलाला ती घरी दिली तर पोटात राहील याची खात्रीही नाही. गरोदर बाईला ती चालतच नाही, गर्भाला धोका असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘गोळी दिली आहे, सकाळपर्यंत बघू’ असं वाटून एक रात्र जाईल.

ती गोळी चमत्कार नाही याचा पुरावा एकाच वर्षातल्या दोन मुलांत आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये १२ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा, दोघांना हा आजार झाला. दोघांना मिल्टेफोसीन मिळाली, दोघेही वाचले. मुलीचं निदान आजार सुरू झाल्यापासून सुमारे ३० तासांत झालं, ३६ तासांच्या आत पूर्ण उपचार सुरू झाले, मेंदूची सूज हरप्रकारे आवरली गेली. ती पूर्ण बरी होऊन शाळेत गेली. मुलाला उपचार मिळायला काही दिवस गेले. तो जगला, पण मेंदूला कायमची इजा झाली. शिवाय १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात एक रुग्ण वाचला होता. तेव्हा मिल्टेफोसीन कुणाच्या यादीतही नव्हती. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात १६४ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले फक्त चार वाचले. केरळचं २०२४ चं चित्र बरंच वेगळं आहे: ३६ रुग्ण, ९ मृत्यू. त्यात इतर जातींच्या अमिबांचे रुग्णही आहेत, म्हणून सरळ तुलना करू नये. पण तिथे प्रत्येक मेंदूज्वरात अमिबा शोधायला सुरुवात झाली आणि राज्याने उपचाराच्या लेखी सूचना काढल्या, हा फरक मोठा आहे.

त्या मुलीच्या बाबतीत ‘सूज आवरली’ हे एक वाक्य झालं, पण आयसीयूतली अर्धी लढाई तीच असते. माणूस जातो तो बहुतेकदा कवटीत वाढलेल्या दाबाने. म्हणून डोकं ३० अंश वर, मान सरळ, व्हेंटिलेटर, मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाईन, मेंदूच्या पोकळीत नळी घालून पाणी काढत राहणं आणि दाब सतत मोजणं. त्या मुलीचं शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंडही ठेवलं होतं. आयसीयू निवडायला वेळ आणि पर्याय असेल तर चोवीस तास न्यूरोसर्जन असलेलं निवडा. गोळी आहे का, हे नंतर विचारा.

मेट्रोनिडाझोलचं एका वाक्यात: नाही. ती आमांशाच्या अमिबावर, एंटअमिबावर चालते, कारण तो ऑक्सिजनशिवाय जगणारा आहे आणि त्याच्या पेशीतच ते औषध जागं होतं. नेग्लेरिया ऑक्सिजन वापरणारा, त्याच्यात ते निजूनच राहतं. दोघांचं आडनाव तेवढं एक.

आणखी दोन अमिबा मेंदूत जातात, पण त्यांची चाल वेगळी. अकांथअमिबा कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांच्या डोळ्यात जखम करतो. मेंदूत शिरतो तो सहसा प्रतिकारशक्ती खचलेल्यांच्या: एचआयव्ही, अवयवरोपण, बरेच दिवस स्टेरॉइड. तो दिवसांत नाही, आठवड्या-महिन्यांत वाढतो. स्कॅनवर गाठी दिसतात आणि आपल्याकडे त्या आधी टीबी किंवा फीतकृमीच्या समजल्या जातात. निदानाला बहुधा गाठीचा तुकडा काढावा लागतो. उपचारात मिल्टेफोसीन, फ्लुकोनाझोल, सल्फाडायझिन, पेंटामिडिन, कोट्रायमोक्सॅझोल, रिफाम्पिसिन यांतली अनेक औषधं एकत्र आणि कित्येक महिने. बालामुथिया मातीतून येतो. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या एका रुग्णाला नायट्रॉक्सोलिन हे युरोपात लघवीच्या इन्फेक्शनवर वापरलं जाणारं जुनं औषध दिलं गेलं आणि तो वाचला. तुमच्या घराशी या दोघांचा संबंध नाही.

सासऱ्यांची नेती. बंद करायला सांगू नका, पाणी बदलायला सांगा. भांडण टळेल. अमेरिकेत लुईझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण या अमिबाने गेले. कराचीत नमाजाआधी वजू करताना नाकात खोलवर पाणी ओढल्यामुळे बरेच बळी गेले आहेत. मुंब्रा-भिवंडीकडच्या वाचकांनीही एवढं बघावं: नाक धुवायचं पाणी उकळून गार केलेलं असलं की प्रश्न मिटला. पाणी खळखळून उकळू लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं आणि झाकण ठेवून कोमट होऊ द्यायचं. गीझरचं पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे. गीझरच्या कोमट पाण्यात तर तो सुखाने राहील. अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे पाऊण चमचा. मिठाने नाक झोंबत नाही एवढंच, अमिबा मरत नाही. आरओचं पाणी? पडद्यातून अमिबा जाणार नाही, पण पुढच्या टाकीत आणि तोटीत तो पुन्हा वस्ती करू शकतो, म्हणून तेही उकळा. नेतीपात्र धुतल्यावर उलटं ठेवून खडखडीत वाळवा. तोंडात घेतलेलं, अंगावर ओतलेलं, प्यायलेलं पाणी यातून काही होत नाही, तेव्हा आंघोळीला मिनरल वॉटर आणू नका.

गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे मात्र एकदा बघाच. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिचं पाणी हाताला गरम लागतं, क्लोरीन उडून जातं आणि आतल्या बुळबुळीत थरात अमिबाचं खाणं वाढतं. बोअरच्या आणि बऱ्याचदा टँकरच्याही पाण्यात तर क्लोरीन नसतंच. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं. सोसायटीने क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन मोजायचं साधन, किंवा थेंब टाकून बघायचं किट घ्यावं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाला तपासा, टाकीजवळच्या नको. रोजच्यासाठी १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं पाणी टाका आणि तासभर थांबा. टाकी घासून धुतल्यावर १००० लिटरला १५० ग्रॅम टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी ते पाणी सोडून द्या. त्या रात्री वॉल्व्ह बंद केल्याची वॉचमनला दोनदा आठवण करा. जुनी पावडर पोत्यात उघडी पडली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं, फक्त वास असतो.

मुलांना पोहायला पाठवताना पूलच्या काउंटरवर नोंदवही मागा: मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८. पीएच त्यावर गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत बसा, पण डोकं बुडवू नका. गावच्या तळ्यात उडी मारायची तर नाक चिमटीत धरून किंवा नोजक्लिप लावून, आणि तळाचा गाळ ढवळण्याची मस्ती नको. तसं म्हणाल तर शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरून बुडण्याचा धोका या अमिबापेक्षा कितीतरी मोठा आहे. काठाला दोर बांधलेला आहे का, ते आधी बघा.

आणि भाच्याचं एक काम राहिलंय, ज्याचा कुठल्याच मेसेजमध्ये उल्लेख नसणार. जिवाणूंच्या मेनिंजायटिसनंतर काही मुलांना एका किंवा दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, आणि ते घरी लक्षात येत नाही. टीव्हीचा आवाज वाढला, शाळेत लक्ष नाही, एवढंच दिसतं. बरं झाल्यावर चार आठवड्यांच्या आत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करायची असते. तुमचा महिना होत आलाय. कानाच्या डॉक्टरांची याच आठवड्यातली वेळ घ्या आणि जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.